विकी वाचा, पण आधी 'इतिहास पहा' दाबा

सर, तुमचा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण हाच दम माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रिसर्च स्टुडंट्सना मिळालेला असतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवता, पीएचडी पार्टटाइम चालू आहे, गाईडनी बजावलंय की चॅप्टरमध्ये विकिपीडिया दिसला तर चॅप्टर परत, ब्लॉगचं तर नावच काढायचं नाही. पण कॉलेजात जर्नल्स येत नाहीत, आठवड्याला सोळा लेक्चर्स, वर प्रॅक्टिकल्स आणि नॅकच्या फायली, मग अपडेट राहायचं कसं, आणि विकी-ब्लॉग खरंच इतके टाकाऊ आहेत का. मी स्वतः एमएस्सी केमिस्ट्री करून मग लायब्ररीकडे वळले, सायन्स कॉलेजची ग्रंथपाल म्हणून आता 22 वर्षं झाली, त्यामुळे दोन्हीकडची थोडी थोडी माहिती आहे. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

गाईड एका बाबतीत बरोबरच आहेत. थिसिसच्या संदर्भसूचीत विकिपीडिया नको, हे विकिपीडियावाले स्वतःसुद्धा सांगतात. पण 'संदर्भ म्हणून देऊ नका' याचा आपल्याकडे 'वाचू नका' असा अर्थ लावला गेला, आणि त्याचा परिणाम असा झालाय की सगळे वाचतात पण चोरून. चोरून वाचायचं म्हणजे कसं, तर पान उघडायचं, दोन परिच्छेद उचलायचे, शब्द इकडचे तिकडे करायचे, आणि खालच्या यादीतले पाच पेपर न उघडताच आपल्या यादीत टाकायचे. व्हायवाला एक्स्टर्नलनी त्यातलाच एखादा पेपर विचारला की मग तोंड बघण्यासारखं होतं (हे मी दाराबाहेर बसून ऐकलेलं आहे, एकदा नाही).

माझं म्हणणं असं आहे की विकीच्या पानावर काय लिहिलंय याच्यापेक्षा ते तिथे कसं आलं हे जास्त कामाचं असतं, आणि छापील पुस्तकात जे कधीच दिसत नाही ते विकीवर उघडं दिसतं. मराठी विकिपीडियावर पानाच्या वर 'इतिहास पहा' असं असतं, शेजारी 'चर्चा' असतं, इंग्रजीतही तेच दोन टॅब. मी कुठलंही पान वाचायच्या आधी हे दोन उघडते. इतिहासात बघायचं की लिहिणारे किती जण आहेत, की एकाच माणसाने एका रात्रीत सगळं लिहिलंय आणि नंतर फक्त बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) येऊन वेलांट्या दुरुस्त करून गेलेत. वाद कुठल्या वाक्यावर झालाय, कोणी काय काढलं, काढताना काय कारण दिलं. एखाद्या रिअ‍ॅक्शनच्या मेकॅनिझमवर चर्चा पानावर दोन जण हमरीतुमरीवर आले असतील तर समजायचं की इथे खरोखर प्रश्न अजून उघडा आहे, आणि ते दोघं एकमेकांच्या अंगावर जे पेपर फेकतात ना, ते तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी सोनं आहेत. रिव्ह्यू आर्टिकलमध्ये हे भांडण इस्त्री करून येतं, इथे चुरगळलेलंच मिळतं.

चर्चा पान रिकामं असेल तर सगळं बरोबर आहे असं अजिबात समजू नका. बहुतेक वेळा कोणी बघितलेलंच नसतं. मराठी विकीवर हे फार. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे, लेखांची संख्या लाखाच्या घरात, पण नेमाने लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कितीतरी पानं कोणाच्या नजरेखालून गेलेलीच नसतात. मी स्वतः तिथे अधूनमधून संपादन करते म्हणून हे बोलायचा हक्क आहे असं धरून चालते.

आता माझीच एक चूक सांगते. आमच्या कॉलेजच्या महोत्सवी स्मरणिकेत गावातल्या एका जुन्या संस्थेचं स्थापनेचं साल छापायचं होतं, घाई होती, मी विकीच्या पानावरून उचललं. साल चुकीचं होतं, नऊ वर्षांनी. ते पुढे कोणीतरी दाखवून दिलं, मी ओशाळले, आणि म्हटलं निदान विकीवर तरी दुरुस्त करू. पान उघडलं तर त्या सालापुढे आता छान संदर्भ लागलेला, आणि तो संदर्भ कोणता, तर आमची स्मरणिका! म्हणजे विकीवरून मी घेतलं, माझ्याकडून विकीने घेतलं, आणि चुकीला छापील पुरावा मिळाला. शेवटी संस्थेचं जुनं नोंदणीपत्र बघितलं तेव्हा प्रकरण मिटलं.

हा प्रकार जगभर होतो. कोआटी नावाचा एक, मुख्यतः दक्षिण आणि मध्य अमेरिकेतला, प्राणी आहे, मुंगसासारखा लांब तोंडाचा. 2008 मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्याच्या इंग्रजी विकी पानावर टाकलं की याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. कोणीच म्हणत नव्हतं. पण काही वर्षांत ते नाव वर्तमानपत्रांत आलं, पुस्तकांतही आलं, आणि मग तीच कात्रणं विकीवर पुरावा म्हणून लागली. साधारण सहा वर्षं ते तसंच होतं. यावरचा उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा: संशयास्पद वाक्य पानात नेमकं कधी घुसलं ती तारीख इतिहासात शोधायची (विकिब्लेम नावाचं फुकट साधन आहे, वाक्य दिलं की तारीख काढून देतं), आणि संदर्भ म्हणून जे दिलंय ते त्या तारखेच्या आधीचं आहे की नंतरचं एवढंच बघायचं. नंतरचं असेल तर तो पुरावा नाही, आरसा आहे.

केमिस्ट्रीच्या पानांबद्दल वेगळं सांगते. कंपाउंडच्या पानावर उजवीकडे जो चौकोन असतो, मेल्टिंग पॉइंट, डेन्सिटी, कॅस नंबर (रसायनाचा ओळख क्रमांक) वगैरे, तो पटकन बघायला उत्तम आहे, पण प्रत्येक आकड्यापुढे छोटा संदर्भ क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर तो आकडा फक्त अंदाजासाठी. असेल तर त्यावर क्लिक करून मूळ हँडबुक किंवा पेपरपर्यंत जा, थिसिसमध्ये तेच द्या. आणि हो, फक्त इंग्रजीवर थांबू नका, जर्मन विकीची रसायनांची पानं बऱ्याचदा वेगळे जुने संदर्भ देतात, भाषांतराचं बटण ब्राउझरमध्ये आहेच.

ब्लॉगवर येऊ. ब्लॉग म्हटलं की आपल्याकडे लोकांना कविता आणि ट्रेकचे फोटो आठवतात, गाईडच्या डोक्यातही तेच असणार. पण केमिस्ट्रीत ब्लॉगनी जे केलंय ते त्यांना सांगून बघा. 2009 च्या जुलैमध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये, म्हणजे ज्यात एक पेपर आला की आपल्याकडे पेढे वाटतात त्या जर्नलमध्ये, असा पेपर ऑनलाइन आला की सोडियम हायड्राइड वापरून सेकंडरी अल्कोहोलचं कीटोन होतं, म्हणजेच त्याचं ऑक्सिडेशन होतं. सोडियम हायड्राइड! एमएस्सीच्या पोरालाही विचारलं तरी सांगेल की तो बेस आहे, हायड्राइड आहे, त्याने ऑक्सिडेशन कसं होईल? पेपर तपासणाऱ्या रेफरींनी पास केलेलं होतं, छापून आलेलं होतं. 'टोटली सिंथेटिक' नावाचा एक ब्लॉग होता, पॉल डोकर्टी नावाचे ब्रिटिश केमिस्ट चालवायचे. त्यांनी काय केलं, लॅबमध्ये ती रिअ‍ॅक्शन सरळ लावली आणि लावता लावता ब्लॉगवर लिहीत गेले, आता हे टाकलं, आता असा रंग, आता प्लेट अशी दिसते, फोटोंसकट, आणि खाली जगभरचे केमिस्ट कॉमेंट करतायत की नायट्रोजन नीट सोडला का, सॉल्व्हंट कोरडा होता का. काही दिवसांतच चर्चा इथे येऊन ठेपली की ऑक्सिडेशन करणारा हायड्राइड नाहीच, आत शिरलेला हवेतला ऑक्सिजन आहे. पुढे तो पेपर मागे घेतला गेला.

आता यात शिकण्यासारखं काय, तर जर्नल खोटं आणि ब्लॉग खरा असा अर्थ काढू नका, तसं काही नाही. त्या ब्लॉगवर विश्वास का ठेवता आला ते बघा. माणसाचं नाव होतं, तो स्वतः त्याच विषयात काम करणारा होता, 'मला वाटतं' म्हणून थांबला नाही तर करून दाखवलं, आणि खाली कॉमेंटमध्ये त्याला अडवणारे लोक होते ज्यांना त्याने उडवलं नाही. मी कुठलाही ब्लॉग लावून घ्यायच्या आधी हेच बघते, आणि आणखी एक बघते, तो चुकल्यावर काय करतो. जुन्या पोस्टमध्ये खाडाखोड दिसते का, 'अपडेट: माझं चुकलं' असं कुठे आहे का. पाच वर्षं लिहितोय आणि एकदाही चुकला नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही, तेव्हा दुरुस्ती दिसली नाही की मी तो ब्लॉग सोडते. कंपन्यांचे ब्लॉगही असतात, कॉलम, केमिकल, सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे, त्यात टेक्निकल माहिती बरेचदा चांगली असते, पण शेवटी उपाय म्हणून त्यांचंच प्रॉडक्ट निघतं हे धरूनच वाचायचं.

अजून एक उदाहरण गाईडसाठी हाताशी ठेवा. 2010 च्या डिसेंबरमध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की कॅलिफोर्नियाच्या मोनो लेकमधला एक बॅक्टेरिया डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो, पेपर 'सायन्स'मध्ये. दोनच दिवसांत कॅनडातल्या रोझी रेडफील्ड या मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंनी स्वतःच्या ब्लॉगवर मुद्देसूद लिहिलं की डीएनए नीट धुतलेलाच नाही, पुरावा तोकडा आहे. 2012 मध्ये 'सायन्स'नेच उलट निष्कर्षाचे दोन पेपर छापले, त्यातला एक रेडफील्ड यांच्या टीमचा. आणि मूळ पेपर जर्नलने मागे घेतला तो कधी, तर जुलै 2025 मध्ये, तोही मूळ लेखकांना मान्य नसताना. म्हणजे ब्लॉग दोन दिवसांत, जर्नल पंधरा वर्षांनी. मधल्या काळात ज्यांनी फक्त पेपर वाचला आणि पुढचं काही बघितलं नाही त्यांनी तो आपल्या थिसिसमध्ये बिनधास्त टाकला असेल.

म्हणून अपडेट राहणं म्हणजे नवं नवं वाचत सुटणं एवढंच नाही. आपण आधी जे वाचून ठेवलंय त्याचं पुढे काय झालं हे कळणं ही त्यातली अर्धी गोष्ट आहे, आणि याकडे कोणी बघत नाही. 'रिट्रॅक्शन वॉच' नावाचा ब्लॉग 2010 पासून आहे, दोन पत्रकारांनी सुरू केलेला, मुख्यतः मागे घेतलेल्या पेपरांवर लिहितो. त्यांची यादी आता क्रॉसरेफकडे (पेपरांची नोंद ठेवणारी संस्था) आहे आणि सगळ्यांना खुली आहे. तुम्ही झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल (नसाल तर उद्यापासून वापरा, फुकट आहे) तर तुमच्या लायब्ररीतला एखादा पेपर मागे घेतला गेला की तो आपोआप लाल पट्टी दाखवतो, ती ह्याच यादीवरून. आमच्याकडे एका मुलीच्या सिनॉप्सिसमध्ये अशा दोन लाल पट्ट्या निघाल्या, सबमिट करायच्या आठवडाभर आधी. रडायला आली होती, मी म्हटलं बाई आत्ता निघाल्या हे नशीब समज.

नव्यासाठी माझी पद्धत सांगते, फार साधी आहे. आरएसएस फीड (संघाशी काही संबंध नाही, वर्कशॉपमध्ये दरवेळी कोणीतरी हसतंच). ब्लॉग असो, जर्नलचा नवा अंक असो, प्रीप्रिंट सर्व्हर (जर्नलमध्ये येण्याआधीचे पेपर ठेवायची साइट) असो, जवळपास सगळ्यांना फीड असतं, ते एका रीडरमध्ये जोडलं की नवं आलेलं एकाच ठिकाणी ओळीने दिसतं, प्रत्येक साइटवर जावं लागत नाही. पूर्वी गूगल रीडर होतं, 1 जुलै 2013 ला त्यांनी ते बंद केलं तेव्हा आम्हा लायब्ररीवाल्यांच्या घरी जवळजवळ सुतकच होतं. आता फीडली आहे, इनोरीडर आहे, आणि कॉलेजच्या पीसीवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम असेल तर त्यातही चालतं. यात महत्त्वाचं काय, तर फीडवाल्याला तुम्ही काय क्लिक करता याच्याशी घेणंदेणं नसतं. सोशल मीडियावर ज्याने आरडाओरडा केला ते वर येतं, इथे जे आलं ते तारखेने येतं.

पण वीसच्या वर फीड ठेवू नका. मी एकेकाळी तीनशे ठेवले होते, न वाचलेल्यांचा आकडा चार हजारांवर गेला आणि मग रीडर उघडायचीच भीती बसली, वीजबिल न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतो ना तसं. आता नियम असा की नवा एक लावला तर जुना एक काढायचा. तुमच्यासारख्याला आठ पुरे: तुमच्या विषयाची चार-पाच जर्नल्स (अ‍ॅबस्ट्रॅक्ट तरी फुकट दिसतं), केमआर्काइव्ह या केमिस्ट्रीच्या प्रीप्रिंट सर्व्हरमधला तुमचा विभाग, रिट्रॅक्शन वॉच, आणि डेरेक लो यांचा 'इन द पाइपलाइन'. ते औषध संशोधनातले केमिस्ट आहेत, 2002 पासून लिहितायत, आणि कंटाळवाण्या पेपरातलं नेमकं काय महत्त्वाचं हे सांगायची त्यांची हातोटी मला फार आवडते. गूगल स्कॉलरवर तुमच्या विषयातल्या तीन मुख्य पेपरांवर सायटेशन अलर्ट लावा, म्हणजे त्यांचा आधार घेऊन कोणी काही नवं लिहिलं की मेल येईल. वेळ म्हणाल तर रोज नको. माझा शुक्रवारी शेवटच्या लेक्चरनंतरचा पाऊण तास ठरलेला आहे, तेव्हा लायब्ररीत शुकशुकाट असतो.

ह्या पाऊण तासात वाचलेलं जातं कुठे हा पुढचा प्रश्न. तिथे पुन्हा विकी, पण स्वतःची. टिडलीविकी म्हणून आहे, एक फाइल, पेनड्राइव्हवर मावते, इंटरनेट लागत नाही. किंवा ऑब्सिडियन घ्या. प्रत्येक कंपाउंडला एक पान, प्रत्येक रिअ‍ॅक्शनला एक पान, आणि पानं एकमेकांना जोडायची. तुमच्या विषयात याचं फार सुंदर उदाहरण आहे. ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीतले जाँ-क्लोद ब्रॅडली, 2006 मध्ये 'ओपन नोटबुक सायन्स' हा शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांच्या मुलांची लॅब नोटबुक म्हणजे सरळ एक जाहीर विकी, 'युजफुलकेम' नावाची, आणि त्यावरची चर्चा ब्लॉगवर. मलेरियाविरोधी कंपाउंड बनवायचा प्रयत्न होता. फसलेले प्रयोगही तिथेच, तारीखवार, कोणी काय बदललं त्याच्या इतिहासासकट. पेपरात फक्त जमलेली रिअ‍ॅक्शन येते, न जमलेल्या सतरा कुठे जातात? इथे त्या होत्या. मेल्टिंग पॉइंटचे जाहीर आकडे त्यांनी एकत्र केले तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत हे ढळढळीत दिसलं, मग ते एकेक तपासत बसले.

ब्रॅडली 2014 मध्ये गेले. आणि ती विकी ज्या विकीस्पेसेसवर होती ती सेवाच पुढे 2018 मध्ये बंद पडली. फुकटच्या जागेवर ठेवलेलं असंच असतं, आज आहे उद्या नाही, आपले कितीतरी चांगले मराठी ब्लॉगही असेच गेले, लिंक दाबली की कोरं पान. तेव्हा जे ब्लॉगपोस्ट तुमच्या कामाचं आहे ते वाचल्या दिवशीच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करा, पानाचा पत्ता टाकून एक बटण दाबायचं असतं, आणि झोटेरोत स्नॅपशॉट घ्या. तारखेसकट. मोबाइलच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, त्यात पत्ता नसतो.

मराठीत शिकवताना लागणाऱ्या संकल्पनांसाठी विकीआधी मराठी विश्वकोश उघडा. वाईहून निघालेला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड 1976 चा, आता सगळे खंड ऑनलाइन फुकट. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि परिभाषा घोटून घेतलेली असते. आकडे मात्र त्या त्या खंडाच्या काळातले, ते वापरू नका. माझ्या मते सगळ्यात बरा मार्ग म्हणजे संकल्पना विश्वकोशातून, पुढचं काय झालं ते इंग्रजी विकीच्या संदर्भांमधून.

राहिलं गाईडचं. थिसिसमध्ये विकी देऊ नका, वाद घालू नका, तिथून जे मूळ पेपर मिळाले ते वाचून तेच द्या. ब्लॉग मात्र एका परिस्थितीत द्यावाच लागतो, मुद्दा पहिल्यांदा तिथेच मांडला गेला असेल तेव्हा, रेडफील्डबाईंसारखा. तिथे लपवून नंतरचा पेपर देणं हे उलट अप्रामाणिक आहे. लेखकाचं नाव, पोस्टचं शीर्षक, तारीख, वेबॅकची लिंक, एवढं द्या. विकीचं पान द्यायची वेळ आलीच, समजा तुम्ही विकीबद्दलच लिहिताय, तर पानाच्या साधनांच्या यादीतला 'शाश्वत दुवा' द्या, म्हणजे तुम्ही वाचलं त्या दिवशीचंच पान उघडेल. गाईडना सोडियम हायड्राइडची गोष्ट मात्र चहाच्या वेळी सांगा, चॅप्टर दाखवायच्या आधी, नंतर नको.